चोळी-बांगडीच्या रानातला साग

झाड लावणारा माणूस कधीच स्वतःसाठी लावत नाही, तो येणाऱ्या पिढीसाठी लावतो. हे वाक्य आप्पांचं. ते म्हणताना ते चष्मा काढून हातात धरत, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की हे कुठून वाचलेलं नाही, आतून आलेलं आहे. आमच्या घरात येणारी पिढी म्हणजे मी एकटी होते आणि त्या उन्हाळ्यात पाण्याच्या घागरी मलाच उचलाव्या लागल्या. तेव्हा येणाऱ्या पिढीचंही या बाबतीत काही म्हणणं आहे.

आप्पा लोह्याच्या शाळेत मराठी शिकवत आणि गावात शेती करत. शेतीत शाळा आणि शाळेत शेती अशी त्यांची दोन्हीकडे सरमिसळ असे. व्याकरणाच्या तासाला ते नांगरटीचे दाखले देत आणि बैलाला समास समजावून सांगत. मी लातूरला अकरावीला होते. सुट्टीला म्हणून घरी आले, पुस्तकांची पिशवी ओट्यावर टेकवली आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले, तर घंगाळात पाण्याऐवजी बोराएवढ्या, लोकरी सालीच्या तपकिरी गोळ्या फुगत पडलेल्या. मी मायला विचारलं, हे काय? माय चुलीपुढं कुरडयांचा चीक हाटत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "तुझ्या बापानं पोरं घातलीत भिजू."

ते सागाचं बी होतं. कुठल्याशा पुरवणीत आप्पांनी वाचलं होतं की मराठवाड्याचं भविष्य सागवानात आहे, वीस वर्षांत एकेक झाड म्हणजे हिरवं सोनं. तोवर मराठवाड्याचं भविष्य सूर्यफुलात होतं, त्याआधी ससेपालनात. सशांचे पिंजरे अजून माळवदावर होते आणि त्यात माय लसूण ठेवायची. "सोनं म्हणताव तर आधी एक पाटली करा," असं ती म्हणाली होती म्हणे, पण आप्पांनी ते उपमा अलंकारात काढलं.

सागाचं बी हट्टी असतं. साल इतकी जाड की नुसतं पेरलं तर वर्षभर मातीत झोपून राहतं. म्हणून ते रात्रभर भिजवायचं, दिवसभर कडक उन्हात वाळवायचं, परत भिजवायचं, परत वाळवायचं, म्हणजे साल कंटाळून तडकते. बियांबरोबर आलेली आप्पांची पुस्तिका तसं सांगत होती आणि त्यांनी सूर्योदय-सूर्यास्त पाळून ते केलं. अडचण एवढीच की ते दिवस वाळवणाचे होते. माळवदावर सकाळी जी बाज रिकामी असेल ती ज्याची त्याची. पहाटे माय धोतराच्या फडक्यावर कुरडया घालायला जायची, तर बाजेवर सागाचं बी पसरलेलं. दुसऱ्या दिवशी ती अंधारातच उठली, तर आप्पा त्याहून लवकर उठलेले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात इतक्या लवकर उठायची चुरस लागली होती की बाहेरच्याला वाटावं, घरात कुणीतरी परीक्षेला बसलंय. परीक्षेला मी बसणार होते आणि झोप माझी मोडत होती. बिया पाखडताना पत्र्याच्या सुपात होणारा खडखडाट आजही आठवला की माझं डोकं दुखतं. त्या वर्षीच्या कुरडया तळल्या की मधूनच एखादा तपकिरी केस निघायचा. ती सागाच्या बियांची लव होती. पाहुण्यांना आम्ही ते सांगत नसू.

गावात बातमी पसरली, ती तिच्या रीतीनं. आमच्या शेजारी गोदाकाकू राहायची. ती मायच्या रानात रोजानं यायची आणि रोज नसेल तेव्हाही यायची, कारण दोघींना एकमेकींशिवाय बोलायला कुणी नव्हतं. तिची थोरली बहीण हैदराबादेत दिलेली, त्यामुळं तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द असत. तिनं मला वेशीत अडवून विचारलं, "शके, गुरुजी साग लावून राहिले म्हनं?"

"हाव."

"मग त्येला येवढा बोभाटा कामून? माझी भैन तर गॅलरीत लावती. पालक म्हना, चुका म्हना, तिकडं सगळी पालेभाजी सागच की. आठ दिसात खाया येतंय."

मी सांगितलं, हा साग वीस वर्षांनी येतो. ती म्हणाली, "तवर शिजवायचं काय?" हा प्रश्न मी त्यानंतर बऱ्याच योजनांच्या बाबतीत मनातल्या मनात विचारलेला आहे.

आता रानाचं सांगायला हवं, कारण भांडण सागाचं नव्हतं, रानाचं होतं. आमची जमीन माळाला, हलकी, पावसावरची. विहिरीचं पाणी लागणारा, काळ्या मातीचा एकच तुकडा होता आणि तो आमचा नव्हता, मायचा होता. तिचं माहेर शिवेला शीव लागून. लग्नात तिच्या वडिलांनी ओढ्याकाठचा हा पट्टा तिला चोळी-बांगडीसाठी दिला. म्हणजे लेकीनं चोळीच्या खणासाठी, बांगडीच्या जोडासाठी नवऱ्यापुढं हात पसरू नये. त्या रानात काय लावायचं हे मायनं ठरवायचं आणि माय दर साली मिरची लावायची. बी तिचं स्वतःचं, आईकडून आलेलं, माठात राखेत ठेवलेलं. मिरची बोटभर, सुरकुतलेली, दिसायला मुळीच देखणी नाही. पण तिचं येसूर, म्हणजे आमटीचा मसाला, डब्यातून काढलं की अख्खी गल्ली शिंकायची. मायच्या बहिणी शिरूर अनंतपाळ आणि जळकोटाकडं दिलेल्या, त्या दिवाळीला साडीपेक्षा येसराची वाट बघत. मायला कुणी मान देत असेल तर तो या मिरचीमुळं, हे तिला पक्कं माहीत होतं. आप्पांना मान देणारे पुष्कळ होते, म्हणून त्यांना ते कळत नसे.

सागाचं बी आप्पांनी त्याच रानाच्या कडेला वाफा करून पेरलं, मायच्या मिरचीच्या रोपवाटिकेला लागून. मी दोन्ही वाफ्यांना पाणी घालत होते. मिरची आठवड्यात उगवली, बारीक, दाट, हिरवीगार. सागाच्या वाफ्यात काही नाही. आप्पा रोज उकिडवे बसून माती बघत. माय दुसऱ्या वाफ्यातलं तण उपटत गाणं म्हणत नसे, पण गुणगुणल्यासारखा एक आवाज काढत असे. सांगता काही येत नाही, पण त्या आवाजानं आप्पा बेजार होत. शेवटी सागाच्या वाफ्यात एक कोंब आला. आप्पांनी मला लांबून हाक मारली, मी घागर टाकून पळाले. ती मिरची होती. माझ्या घागरीच्या पाण्यानं शेजारच्या वाफ्यातून वाहून आलेली.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. आप्पांनी पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं. त्यात सागाच्या जड्या होत्या. वर्षभराचं रोप उपटायचं, वरचा शेंडा छाटून पेराएवढा ठेवायचा, खालचं मूळ वीतभर ठेवून बाकी तंतू तासायचे. राहतं ते एखाद्या सुकलेल्या गाजराला काडी टोचल्यासारखं. पहारीनं भोक पाडायचं, जडी सरळ उभी सोडायची, माती दाबायची. फुटतेच म्हणे. फक्त लावेपर्यंत ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवायची आणि दिवस फार घालवायचे नाहीत. आप्पा किनवटला गेले आणि एसटीच्या टपावरून जड्यांच्या गोण्या घेऊन आले. जड्या इतक्या होत्या की वाफ्याच्या कडेला मावणं शक्य नव्हतं. त्यांना अख्खं चोळी-बांगडीचं रान हवं होतं.

त्यांनी मायला विचारलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं ते कायम म्हणत, "मी विचारलं होतं," आणि ते खरं होतं. जेवताना विचारलं. ताटात भाकरी, ठेचा आणि दुधातलं काहीतरी होतं. आप्पा म्हणाले, "तुझ्याच नावानं लावतो. पाटी लावतो तुझ्या नावाची. माणसं येऊन बघतील."

माय म्हणाली, "नाव माझं, पानी पोरीचं, अन् फोटू तुमचा."

"तसं नाही ग. विचार कर."

माय भाकरी मोडत म्हणाली, "बगा."

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द कळू नये, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडं बाईमाणूस 'हाव' म्हणते तेव्हा हो असतं, 'न्हाई' म्हणते तेव्हा बोलणी सुरू असतात, आणि 'बगा' म्हणते तेव्हा विषय संपलेला असतो. आप्पांनी त्याचा अर्थ आज्ञार्थी घेतला. ते पाटी रंगवायला टाकायला लोह्याला गेले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं आणि माझं सुरू झालं. "शकुंतला, आईला म्हणावं, गुरुवारी कार्यक्रम आहे." "शके, त्येन्ला म्हनावं, गुरुवारी माझी मिरची लावायची हाय, रोप उफाड्याला आलंय." "आईला म्हणावं, मिरची दरवर्षी होते." "त्येन्ला म्हनावं, कारेक्रम बी दरवर्षी व्हतो." दोघंही एकाच खोलीत, चार हातांवर. मी भौतिकशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन मध्ये बसलेली. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात कसा जातो, याचा धडा होता.

कार्यक्रमाला सूर्यकांत येणार होता. सूर्यकांत आप्पांचा जुना विद्यार्थी, लातूरला कुठल्याशा खात्यात मोठा साहेब झालेला. शाळेत आप्पांनी त्याला ऱ्हस्व-दीर्घासाठी कान धरून उभं केलं होतं. आता आप्पा त्याला 'सूर्यकांतराव' म्हणत आणि त्यांच्या पत्राची वाट बघत. विहिरीशेजारी मंडप पडला. लाउडस्पीकर आला. टॉवेल टाकलेली खुर्ची आली. पाटीही आली. आप्पांनी सांगितलं होतं 'सौ. रुक्मिणबाई सागवन', रंगाऱ्यानं लिहिलं 'सौ. रुक्मिणबाई सागवान'. माय ती बराच वेळ वाचत राहिली. मग मला म्हणाली, "त्येन्ला इचार, माझं आडनाव कवा बदललं?"

गुरुवारी निरोप आला, साहेबांना मीटिंग आहे, उद्या येतील. शुक्रवारी निरोप आला, उद्या नक्की. मंडपात आप्पांनी सगळी तयारी मांडून ठेवली होती. आणि इथं त्यांच्यातल्या समारंभप्रिय माणसानं त्यांच्यातल्या शेतकऱ्याचा घात केला. चिखलानं माखलेली ओली गोणपाटं पाहुण्यांना कशी दाखवायची? म्हणून त्यांनी जड्या बाहेर काढल्या, मला धुवायला लावल्या, सारख्या लांबीच्या जुड्या बांधून, प्रत्येक जुडीला लाल फीत गुंडाळून मंडपामागं रचून ठेवल्या. फार सुरेख दिसत होत्या. पाऊस एकदा शिंतडून गेला होता आणि नंतर ऊन असं पडलं होतं की माझे ओले केस घरी पोचेपर्यंत वाळत. मी म्हणाले, "आप्पा, पुस्तिकेत ओल्यात ठेवायच्या लिहिलंय." आप्पा म्हणाले, "साहेब आले की लगेच लावायच्याच आहेत." फिती आणखी बऱ्याच उरल्या होत्या. त्यातल्या काही त्यांनी मायच्या मिरचीच्या वाफ्याभोवती कुंपणासारख्या बांधल्या, रोपं पायाखाली येऊ नयेत म्हणून. तेवढं मात्र त्यांनी न सांगता केलं होतं. माय ते बघून गेली.

शनिवारी दुपार कलल्यावर गाडी आली. मागच्या काचेला पडदा होता. सूर्यकांत उतरला तेव्हा आधी आप्पांच्या पाया पडला, आणि मला वाटलं बरं झालं, आता पाय धरलेत म्हणजे भाषण थोडक्यात आटपेल. तसं झालं नाही. फेटा, शाल, नारळ, मग आप्पांचं प्रास्ताविक. प्रास्ताविकात वेद होते, सम्राट होते, वाटेतली सावली होती. लाउडस्पीकर मधूनच शीळ घालत होता आणि ओढ्यापलीकडची कुत्री त्याला उत्तर देत होती.

चहा बाभळीखाली होता. तीन दगड मांडून मोठं पातेलं चढवलेलं. गोदाकाकू फुंकत होती, माय साखर घालत होती. प्रास्ताविक वेदांवरून सम्राटांवर आलं तेव्हा आप्पांनी मला मंडपाच्या कडेनं खूण केली, जड्या आण. मी मागं गेले. एक जुडी उरली होती. बाकी जागेवर फक्त लाल फिती, व्यवस्थित घडी घालून, दगडाखाली ठेवलेल्या.

मी बाभळीकडं बघितलं. जाळ फार छान लागला होता. धूर सरळ, पांढरा, थोडा गोडसर वासाचा.

मी जवळ जाऊन हळू म्हणाले, "काकू, हे काय लावलंस चुलीला?"

"सरपन. का?"

"कुठलं सरपण?"

"अगं, इथं तुराट्याचा ढीग व्हता, तो गुरुजीनं परवाच उचलाया लावला. पाव्हण्याला कचरा दिसतो म्हनं. मग मी म्हनलं आता जाळावं काय, माजं टकुरं? तर मागं हे. कसल्या एकसारख्या तोडल्यात बग, धुतलेल्या बी. म्हनलं गुरुजीची शान हाय, सायबाच्या च्यासाठी सरपन बी फीत लावून आणलंय."

"काकू, हा साग आहे."

गोदाकाकूनं हातातली फुंकणी खाली ठेवली. तिनं जाळाकडं बघितलं, मग पातेल्याकडं, मग मायकडं. माय पदरानं पातेलं धरून होती.

"माय?"

"काय?"

"तुला माहीत होतं?"

माय म्हणाली, "उतू चाललाय, गाळणी दे."

मंडपात सम्राट संपले होते. आप्पा चष्मा हातात घेऊन म्हणत होते की आज या भूमीत आपण जे रोवत आहोत त्याची ऊब आपल्या नातवंडांना मिळेल. मी चहाचे कप घेऊन गेले. ऊब बरीच आधी मिळत होती. सूर्यकांतनं घोट घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "सर, शहरात ही चव नाही. चुलीचा चहा तो चुलीचा." आप्पांनी मान लववली. मग उरलेल्या जुडीतली एक जडी घेऊन साहेब बांधावर गेले. भोक मंडपाच्या दोरीच्या खुंटीसाठी पाडलेलं होतं आणि तिरकं होतं, पण फोटोवाला तिथंच उभा होता, म्हणून तिथंच. जडी तिरकी बसली. आप्पा बघत होते, साहेबांना सरळ करा म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. ज्या मुलाचा त्यांनी चुकीच्या वेलांटीसाठी कान पिळला होता, त्याला. टाळ्या झाल्या. मग आप्पांनी वळून मला विचारलं, बाकीच्या कुठं आहेत.

मी सांगितलं. दुसरं काय सांगणार. गोदाकाकू झाडामागं गेली होती. आप्पांनी बाभळीकडं बघितलं. ते ओरडतील म्हणून मी कप गोळा करण्याच्या निमित्तानं बाजूला झाले. ते ओरडले नाहीत. ते चालत चुलीपाशी गेले आणि तीन दगडांमधली राख बघत उभे राहिले. एक अर्धवट जळालेली जडी त्यांनी बाहेर काढली, नखानं साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. सगळी वाळून काडी झालेली, जळण्याआधीच. हे त्यांनी बघितलं, हे मी बघितलं आणि हे मायनंही बघितलं.

कितीतरी दिवसांनी ते थेट मायशी बोलले. म्हणाले, "मेलेल्याच होत्या."

माय म्हणाली, "म्हनूनच जाळ चांगला लागला."

पुढं मी कितीदा तरी मायला खोदून विचारलं की तिला ठाऊक होतं का. नोकरी लागल्यावर विचारलं, माझी पोरं झाल्यावर विचारलं. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी ऐकते, आणि हा प्रश्न तिला अजिबात ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि गोदाकाकू मिरचीचं रोप घेऊन रानात उतरल्या. मंडपाचे खांब अजून उभे होते, त्यांच्यामधून सऱ्या गेल्या. रोप उशीर झाल्यानं उफाडलं होतं, माय शेंडे खुडून लावत होती. आप्पा बांधावर बसले होते. मला म्हणाले, "आईला म्हणावं, तो साहेबांचा तेवढा राहू दे." मी वळून सांगणार, तेवढ्यात मायच म्हणाली, "मी भैरी न्हाई. राहू द्या. मिरचीला बगून तरी शानं व्हईल." मग आप्पा उठले, बाह्या सरसावल्या आणि तिनं खुडलेल्या रोपांच्या मुठी तिच्या हातात द्यायला लागले. त्या दिवशी मला घागर उचलावी लागली नाही. पाटी काढायचं कुणालाच सुचलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मिरचीच्या रानात 'सौ. रुक्मिणबाई सागवान' उभी होती, आणि बाजारात काही जण मायच्या मिरचीला सागवान मिरची म्हणत. अजून म्हणतात. माझ्या मावसबहिणी आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळीच्या आधी लिहितात, सागवान आलं का.

साहेबांची जडी फुटली. का फुटली कुणास ठाऊक, सगळ्यांत वाईट लावलेली तीच होती. तिरकी वाढली, विहिरीवर कललेली. आप्पा असेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाड दाखवत आणि येणाऱ्या पिढीविषयी बोलत. येणारी पिढी तोवर लातुरात बिऱ्हाड करून राहिली होती. परवाच्या वळवाच्या वाऱ्यात ते झाड मोडून पडलं. सुतार बोलावला. त्यानं वाकून बघितलं, ठोकून बघितलं आणि म्हणाला, ताई, मधून पोकळ हाय, वर पीळ हाय, फळी निघत न्हाई. लई झालं तर एक पोळपाट निघंल. बाकीचं गोदाकाकूच्या सुनेनं सरपणाला नेलं.

पोळपाट निघालं. रंग चांगला आहे, एका बाजूला थोडं हलतं. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी होते. ती परातीत थापतात.